शांत रेघेचा उन्हाळा

चौदा एप्रिलच्या आत कूलर लागला पाहिजे, हा आमच्या घरचा जुना नियम. यंदाही मी तो माळ्यावरून उतरवला, पत्र्याच्या टाकीतला गंज खरवडला, मागच्या वर्षीच्या काळ्या पडलेल्या ताट्या काढून नवी खस बसवली आणि पंप सुरू केला. कोरडी खस पहिलं पाणी पिते तेव्हा बारीक चरचर आवाज होतो, आणि मग तो वास खोलीभर पसरतो. मातीचा, मुळांचा, गारव्याचा. नागपूरच्या माणसाला हा वास आला की हायसं वाटतं. मलाही वाटतं. पण त्याच्या मागोमाग छातीत काहीतरी टोचतं. इतकी वर्षं झाली तरी टोचतं.

त्या टोचण्याला मी निरनिराळी नावं देऊन पाहिली. स्पर्धा म्हणून पाहिलं. ईर्षा म्हटलं की जरा इभ्रत राहते, म्हणून तेही म्हणून पाहिलं. पण आमच्या कन्हानकडे त्याला सरळ जळणं म्हणतात. तो माझ्या जळण्याचा उन्हाळा होता, आणि मी जळत होतो माझ्या बायकोवर.

सुचिता आणि मी तेव्हा शहराबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो, दोघंही इलेक्ट्रिकलला. त्याआधी आम्ही एकाच वर्गात शिकलेलो. मी कन्हानचा, वडील कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून. ती कामठीची, तिच्या वडिलांचे पॉवरलूम. सकाळच्या बसमध्ये मी कन्हानला चढायचो आणि कामठी येईपर्यंत शेजारच्या जागेवर बॅग ठेवून ती जागा अडवून धरायचो. कंडक्टर ओरडायचा, उभे असलेले लोक टोमणे मारायचे, आणि मी खिडकीबाहेर बघत राहायचो. परीक्षेत ती नेहमी माझ्या पुढे असायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. प्रेमात असताना दुसऱ्याचे मार्क आपलेच वाटतात. लग्नानंतर ते पुन्हा ज्याचे त्याचे होतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कामठीच्या विहारात आमचं लग्न झालं. मग नागपुरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर घेतलं. वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. आणि आम्ही दोघांनी एकाच गाईडकडे पीएचडीला नाव घातलं. बोकारे सर. निवृत्तीला टेकलेला माणूस, अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलणारा, विद्यार्थ्याला बेटा म्हणून त्याची साल काढणारा.

आमचा विषय सांगायला हवा, कारण सगळं त्यातूनच उगवलं. वीज फार वेगानं चालू-बंद होते तेव्हा तांब्याची साधी पट्टीसुद्धा साधी राहत नाही. तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उठतं, शेजारच्या पट्टीला ते जाणवतं, आणि सगळा प्रकार थरथरू लागतो. ही थरथर आधीच कळली तर यंत्र वाचतं. ती जाणून घ्यायची एक रीत अशी: पट्टीचे मनातल्या मनात लहान लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला तारेची गुंडाळी समजायचं, तुकड्यांच्या मधे वीज साठवणारे कपॅसिटर आहेत असं धरायचं, आणि कोणत्या तुकड्याला कोणाची किती झळ लागते ते मांडायचं. मग अख्खी पट्टी म्हणजे एक मोठं सर्किट होतं. संगणक ते सर्किट काळाच्या बारीक बारीक पावलांनी पुढे नेतो, आणि पडद्यावर एक रेघ उमटत जाते. ती उसळते, थरथरते आणि हळूहळू शांत होते. खऱ्या पट्टीतली वीजही तशीच वागते.

अडचण एवढीच, की एका तुकड्याची खबर लांबच्या तुकड्याला लगेच पोचत नाही. थोडा वेळ लागतो. तो वेळ मोजताना जरा ढोबळपणा झाला की चूक पावलागणिक साचत जाते. रेघ आधी नीट चालते. शांतही होते. तुम्ही सुटकेचा श्वास टाकता. मग कुठूनही काही मिळालेलं नसताना ती पुन्हा हलायला लागते, हलणं वाढत जातं, आणि बघता बघता रेघ पडद्याबाहेर निघून जाते. एवढी वीज पट्टीत आली कुठून? ती पट्टीत आलेलीच नसते. ती आकड्यांतून आलेली असते.

माझी रेघ रोज पडद्याबाहेर जायची. सुचिताची शांत व्हायची.

हे एरवी मी सोसलं असतं. पण त्या वर्षी कॉलेजनं पीएचडी करणाऱ्या शिक्षकाला वर्षभराची पगारी अभ्यासरजा द्यायचं ठरवलं. आमच्या विभागातून एकालाच. इच्छुक आम्ही दोघंच होतो. प्राचार्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि हसत हसत सांगितलं की नवरा-बायको आहात, घरात ठरवून सांगा, बोकारे सरांची शिफारस मात्र लागेल. सरांनी सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी खऱ्या पट्टीवर मोजणी करू, ज्याचं काम मोजणीशी जुळेल त्याची शिफारस. घरी आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, तू वर्षभर घरी असला तर गच्चीवरची टाकी तेवढी बदलून घे. रजा कोणाची, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

खरं सांगायचं तर मलाही पडला नव्हता.

सुट्टी लागली. नागपूरचं ऊन म्हणजे दारात उभा असलेला माणूस. तो आत येत नाही आणि जातही नाही. सकाळी लवकर आम्ही तोंडाला दुपट्टे गुंडाळून स्कूटरवर सरांच्या प्रयोगशाळेत जायचो, ऊन चढायच्या आत परत यायचो. ऊन लागू नये म्हणून आई माझ्या शर्टाच्या खिशात कांदा टाकायची, सुचिताच्या पर्समध्ये टाकायची. घरी आलं की दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू, आणि एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन लॅपटॉप. समोरासमोर. मला तिचा पडदा दिसायचा नाही, पण तिचा चेहरा दिसायचा, आणि तो पुरेसा होता.

काम करताना तिचं तोंड किंचित उघडं राहायचं. बसच्या खिडकीजवळ बसून ती नोट्स वाचायची तेव्हाही तसंच राहायचं, आणि तेव्हा त्या उघड्या तोंडावर माझा जीव होता. आता मला वाटायचं, ही तोंड मिटून काम का करत नाही. ती तूरडाळ निवडायची तशीच आकडे निवडायची. एकेक, घाई नाही, खडा सापडला की बाजूला. उत्तर आलं की ओरडायची नाही, हसायचीही नाही. उठून माठातलं पाणी प्यायची, केसांची क्लिप काढून पुन्हा लावायची आणि परत बसायची. ती पाणी प्यायला उठली की मला कळायचं की रेघ शांत झाली. दिवसातून कितीदा तरी ती पाणी प्यायची. आई म्हणायची, सुचिताले ऊन लागून राहिलं वाटते, सारखी पाणी पिते. मी मान हलवायचो.

एकदा तिनं आपणहून विषय काढला. माझी रेघ नुकतीच उडाली होती आणि मी लॅपटॉपचं झाकण जरा जोरात बंद केलं होतं. ती म्हणाली, मी पाहू का? मी म्हणालो, नको. ती थांबली, मग म्हणाली की तुझे तुकडे जिथं रुंद आहेत तिथं तू मधल्या बिंदूपासून वेळ मोजतोस, तिथं अजून बारीक मोजावं लागेल. आणि शांत करायचं ते फक्त वरच्या, फार वेगाच्या कंपनांना. खालची खरी आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकी माहीत होतं. पण त्यासाठी सगळं उलगडून पुन्हा मांडायला लागलं असतं, आणि माझ्यात तेवढा धीर नव्हता. शिवाय ते तिच्या तोंडून आलं होतं. तेच सरांनी सांगितलं असतं तर मी त्याच दुपारी कामाला लागलो असतो. मी म्हणालो, "प्रत्येकाची पद्धत असते." ती म्हणाली, बरं. आणि पाणी प्यायला उठली.

मत्सराबद्दल लोक बोलतात तेव्हा परक्या माणसाबद्दल बोलतात. शेजाऱ्याची गाडी, मित्राची बढती. त्यात एक सोय असते, दार लावून घेता येतं. मी ज्या ताटाशेजारी जेवत होतो, ज्या अंथरुणाशेजारी झोपत होतो, तिथंच ते होतं. आणि तिच्यात नावं ठेवायला काही नव्हतं. ती उद्धट असती, मिरवणारी असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती सकाळी कुरड्यांचा चीक शिजवायला आईला मदत करायची, गच्चीवर माझ्या आधी जाऊन चादर अंथरायची, आणि मग खाली येऊन माझ्यापेक्षा चांगलं गणित करायची. जळायलाही काहीतरी आधार लागतो. तोसुद्धा ती देत नव्हती.

मे महिन्यात माझी रेघ अचानक शांत झाली.

मी एक जालीम उपाय केला होता. सगळ्या तुकड्यांवर विजेला अडवणारे भरपूर रोध लादले, आणि काळाची पावलं टाकायची अशी रीत घेतली की जी स्वतःच थोडी थोडी ऊर्जा गिळते. रेघ चढली, एका पातळीवर आली आणि बसून राहिली. मी कितीही पुढे नेली तरी हलली नाही. त्या दुपारी माठाकडे मी उठलो. सुचितानं मान वर करून पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. खोटा नाही, खराच. ती म्हणाली, झालं? मी म्हणालो, झालं.

पुढचे काही दिवस मी फार चांगला नवरा होतो. भाजी आणली. आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. मोजणीसाठी तांब्याच्या पट्ट्या हव्या होत्या, त्या आणायला आम्ही दोघं लकडगंजला गेलो. एका धातूच्या दुकानात तिनं पट्ट्या उन्हात धरून तपासल्या, वाकड्या बाजूला ठेवल्या, आणि दुकानदार कंटाळून म्हणाला की मॅडम, भांडे बनवता की दागिने? येताना ती मागं बसली होती, कागदात गुंडाळलेल्या पट्ट्या झेंड्यासारख्या उभ्या धरून. तांबं तापलं म्हणून तिनं दुपट्ट्याचं टोक हाताला गुंडाळलं होतं. सिग्नलवर उन्हासाठी बांधलेल्या हिरव्या जाळीखाली आम्ही उभे राहिलो तेव्हा तिनं हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली. मी रस्त्यात थांबून उसाचा रस पाजला. रस पिताना मी तिच्या कामाचं कौतुक केलं, अगदी मनापासून. आपली रेघ शांत असली की दुसऱ्याच्या रेघेचं कौतुक करायला काही लागत नाही.

मोजणीच्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. सरांनी स्वतः पट्ट्या लाकडी चौकटीत बसवल्या, एका टोकाला वेगाचा झटका देणारं यंत्र जोडलं, दुसऱ्या टोकाला ऑसिलोस्कोप. बटण दाबलं. हिरव्या पडद्यावर खऱ्या पट्टीची रेघ उमटली. ती उसळली, खाली गेली, पुन्हा उसळली, पुन्हा खाली, प्रत्येक वेळी जरा कमी, आणि मग विझत विझत थांबली. महिनोन्‌महिने जिचं भाकीत करत होतो ती पहिल्यांदाच समोर आली होती.

सरांनी माझी रेघ तिच्यावर ठेवली. माझी चढली आणि बसली. खाली ती खरी रेघ थरथरत होती आणि वर माझी, काहीच झालं नाही अशी.

सर चष्मा वर करून म्हणाले, "मनोज, पट्टी तर थरथरून राहिली. तुझी काहून गप बसली?"

मी म्हणालो की सर, पण स्टेबल आहे.

"स्टेबल तर मुर्दाही राहते, बेटा."

ते रागानं म्हणाले नव्हते. मग त्यांनी सुचिताची रेघ घेतली. ती पडद्यावर यायला लागणारा तो थोडासा वेळ मला अजून आठवतो. टेबलाची कड मी घट्ट धरली होती आणि मनात एकच घोकत होतो, हुकू दे. एक तरी उसळी हुकू दे. मी तिच्याकडे पाहिलं नाही. सरांकडेही नाही. खिडकीवर एक पारवा चोच उघडी ठेवून धापा टाकत होता, त्याच्याकडे पाहत होतो.

मग मला पाहावंच लागलं. तिची रेघ खऱ्या रेघेवर बसली होती. उसळीवर उसळी, दरीवर दरी. दोन रेघा आहेत हे कळायला रंग पाहावे लागत होते. सरांनी नुसता श्वास सोडला. बोलली ती सुचिता. पडद्याशी वाकून, तोंड किंचित उघडं ठेवून तिनं शेवटच्या विझत्या टोकाकडे बोट केलं आणि म्हणाली, "सर, इथं जरा मागं पडून राहिली."

केसाएवढं अंतर होतं. मी असतो तर पेढे वाटले असते. ती नाराज होती. त्या नाराजीवर मी जेवढा जळलो तेवढा तिच्या यशावर जळलो नाही. यश एखाद्याला मिळून जातं. अशी नाराजी मात्र कमवावी लागते, आणि ती माझ्याजवळ नव्हती.

आम्ही परत आलो. घरी आईनं कैरीचं पन्हं करून ठेवलं होतं. तिनं तिघांचे ग्लास भरले, पदरानं वारा घेतला आणि विचारलं की झाली का तुमची मोजणी? मी म्हणालो, झाली. मग तिनं विचारलं, "मग रजेचं सांगितलं का सरांले? कधीपासून घेतं तू?"

सुचितानं ग्लास खाली ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की ती काय बोलणार आहे. दहा-बारा वर्षं मी तो चेहरा ओळखत होतो. कॉलेजात असताना कोणी तिची नोट्सची वही मागितली, तीही परीक्षेच्या आदल्या दिवशी, तर असाच चेहरा व्हायचा तिचा, आणि मग ती वही देऊन टाकायची. ती आता म्हणणार होती की मनोजला घेऊ दे, माझं काम झाल्यातच जमा आहे, मी नोकरी सांभाळून करेन. आणि तिनं ते केलंही असतं. मग मी वर्षभर घरी बसून तिनं दिलेल्या रजेवर जगलो असतो. रोज. प्रत्येक दुपारी. तिच्या गणितावर जळणं मला जमत होतं. तिच्या मोठेपणावर जळणं जमलं नसतं.

ती तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "रजा सुचिता घेईल."

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अन् तू?" मी म्हणालो, मी शिकवीन. तिचेही तास घेईन. आईनं रिकामा ग्लास उचलला आणि आत गेली. सुचिता माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत आभार नव्हते, आणि मला ते नकोही होते. ती काहीतरी तपासत होती, पडद्याशी वाकून तपासावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन कोवळं होतं तेव्हा, गच्चीवर आम्ही कुरड्या पालटत होतो. ओळीनं, एकेक. अर्धी चादर झाल्यावर ती म्हणाली, "काल तू मले रजा नाही दिली."

मी विचारलं, मग काय दिलं?

"तू मले 'तू घे' म्हणू नाही दिलं."

मी कुरडी हातात धरून उभा होतो. खोटं बोलायला काहीतरी तयारी लागते, ती त्या वेळी नव्हती. मी म्हणालो, हो. ती पुढच्या ओळीकडे सरकली.

पुढे जे झालं ते चमत्कारिकच होतं. माझं कौतुक सुरू झालं. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. सहकारी पाठीवर थाप मारायचे, यार, तुझ्यासारखा नवरा पाहिजे. कामठीहून सासरे आंब्यांची पेटी घेऊन आले. आयुष्य मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस, जरा मोठ्यानंच बोलायचे. पण त्या दिवशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात म्हणाले की असा जावई नशिबानं मिळतो. सुचिता दारात उभी होती. गणित तिनं केलं होतं, रजा तिनं मिळवली होती, आणि नशीब मात्र तिचं ठरत होतं. मी त्यांचा गैरसमज काढला नाही, पेटी उचलून आत ठेवली. आंबे फार गोड होते. आम्ही तिघांनी ते हप्ताभर खाल्ले. तिनं जरा कमीच खाल्ले असं मला वाटलं, पण तो माझ्या मनाचा खेळ असेल.

ते वर्ष मी तिचे तास घेतले. मुलं विचारायची, मॅडम कधी येतील? मी सांगायचो, पुढच्या वर्षी. ती टेबलाच्या तिच्या बाजूला बसून ते विझतं टोक नीट करत राहिली, आणि हिवाळ्यात कधीतरी ते नीट झालं. तिची पीएचडी झाली. माझी नंतर झाली, बऱ्याच उशिरानं. सर निवृत्त व्हायच्या आधी मला म्हणाले की मनोज, एवढं मोठं सोड, एकच साधी पट्टी घे, पण तिचं खरं सांग. मी तेवढंच घेतलं. रुंद तुकडे बारीक केले, वेळ नीट मोजला, वरचीच कंपनं दाबली. तिनं त्या दुपारी सांगितलं होतं तेच सगळं केलं. माझी रेघही शेवटी थरथरली आणि शांत झाली. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तिनं काम सोडून ती पाहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि म्हणाली, चांगली आहे. खरंच चांगली होती. लहान होती, पण चांगली होती.

आता तिला बाहेरून बोलावणी येतात. कुठल्या कुठल्या गावांहून विद्यार्थी तिला मेल करतात, शंका विचारतात. लोक मला विचारतात, मॅडमचे मिस्टर ना तुम्ही? मी हो म्हणतो. चांगला ठासून म्हणतो. वय वाढलं की जळणं कमी होतं असं मी ऐकलं होतं. माझं तसं झालं नाही. ते वाढलंही नाही, मला घेऊन पडद्याबाहेरही गेलं नाही. उन्हाळा आला की एकदा उसळतं आणि बसतं. त्याच्यासोबत राहायची सवय झाली, जशी गुडघ्याला लागलेल्या जुन्या मारासोबत होते.

मागच्या रविवारी सकाळी ती मला म्हणाली, जरा बस, मी बोलून दाखवते. तिला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात मोठं व्याख्यान द्यायचं आहे. आई आत भाजी निवडत होती. सुचितानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि उभं राहून बोलायला सुरुवात केली. ती आता फार छान बोलते. त्या दिवशीच्या दोन रेघांचं चित्र आलं, एकावर एक बसलेल्या, आणि तिनं एका वाक्यात ते सांगून टाकलं आणि पुढे गेली. एका वाक्यात. मी खुर्चीत बसून होतो.

संपल्यावर तिनं विचारलं, कसं वाटलं? मी म्हणालो, चांगलं झालं. ती म्हणाली, "खरं सांग ना."

"खरं म्हणजे जळलो."

मी हे तिला पहिल्यांदाच सांगितलं. त्या गच्चीवरच्या सकाळनंतर हा विषय आमच्यात निघाला नव्हता. मला वाटलं ती हसेल, किंवा वाईट वाटून घेईल. ती माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

मग म्हणाली, "तिकडं टाळ्या वाजवतात. बाबा सगळ्या कामठीले सांगत फिरतात. आई मले देवासारखं मानते. पण त्या रेघेसाठी मी काय काय केलं, कुठं जीव चालला होता, हे कोणाले कळते? कोणालेच नाही कळत. तुले कळते. म्हणून तर तू जळतं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती.

"मले त्याचाच आधार वाटते," ती म्हणाली. "तुहं जळणं थांबलं तर मी दाखवू कोणाले?"

आतून आईनं विचारलं की भाजीत टमाटे घालायचे का? मी हो म्हणालो. मग मी म्हणालो की त्या दोन रेघांच्या चित्रावर तू घाई करतेस. तिनं विचारलं, कुठे? मी म्हणालो, तिथं थांबायला हवं. ते शेवटचं टोक मागे पडत होतं, त्यासाठी तुझं सबंध वर्ष गेलं, ते तू सांगतच नाहीस. ते सांग. लोकांना वाटतं आपोआप जुळलं.

तिनं लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला आणि त्या चित्रापर्यंत मागे गेली. उभी राहिली. या वेळी ती त्या टोकाशी थांबली, आणि मी खुर्ची पुढे ओढून ऐकायला बसलो.